तोडण्याआधी सोडवून बघा

जुनी इमारत पाडायची असेल तर पाडकामाचं टेंडर निघतं, आणि त्यात बहुतेक वेळा पैसे द्यावे लागत नाहीत, उलट मिळतात. पाडकामवाला इमारतीभोवती एक चक्कर मारतो, जिन्याने गच्चीपर्यंत जातो, जाता जाता दारांच्या चौकटींवर बोटांनी ठोकून लाकूड कोणतं ते बघतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात स्लॅबमधली सळई असते, सागवानी चौकटी, खिडक्यांचे ग्रील, बिडाचे पाइप, तांब्याची वायर, गच्चीवरचे पत्रे, लिफ्टची मोटार असते. काँक्रीट नसतं. ते फोडायची मजुरी आणि वाहून न्यायचं डंपरभाडं तो आपल्या आकड्यातून वजा करतो. म्हणजे इमारतीचा जो भाग सर्वांत जड, त्याची बाजारातली किंमत शून्याच्याही खाली.

चक्रीय अर्थव्यवस्थेचा विचार नेमका या हिशेबाला हात घालतो. खाणीतून काढायचं, वापरायचं आणि खाडीत नेऊन ओतायचं, ही वाट बंद करून माल वापरात फिरता ठेवायचा, एवढंच त्याचं सूत्र. त्यातही उतरंड आहे. वस्तू आहे त्या जागी दुरुस्त होऊन टिकली तर उत्तम. ते शक्य नसेल तर आहे त्याच रूपात ती दुसरीकडे लावावी. तेही जमत नसेल तेव्हा वितळवावी किंवा भरडावी. आपल्याकडे मात्र चर्चा शेवटच्या पायरीवरूनच सुरू होते: राडारोडा भरडून पेव्हर ब्लॉक केले की पर्यावरणाचं काम झालं. राहत्या इमारतीच्या बाबतीत तिथवर येईपर्यंत बहुतेक सगळं हातचं गेलेलं असतं.

टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा जुना अंदाज आजही या क्षेत्रात वापरला जातो. दुरुस्तीच्या कामात दर चौरस मीटरला 40 ते 50 किलो राडारोडा निघतो. पक्की इमारत पाडली तर सुमारे 500 किलो. तळमजला आणि वर तीन मजले, 24 घरं, एकूण बांधकाम 1,600 चौरस मीटर अशी एखादी सोसायटी धरा. मोठी दुरुस्ती काढली तर 65 ते 80 टन, पाडली तर 800 टन. 10 टनी डंपरच्या 8 फेऱ्या की 80, असा हा फरक आहे. हे झालं बाहेर जाणाऱ्या मालाचं. आत येणाऱ्या मालाचा हिशेब आणखी जड. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोही दगडातून. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर वेगळा. त्यामुळे भट्टी उद्या स्वच्छ विजेवर चालवली तरी हा वायू चुकत नाही. एकदा ओतलेलं काँक्रीट आणखी 30 वर्षं उभं ठेवणं, हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

म्हणून पहिला प्रश्न एकच: सांगाडा वाचतो का? इथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाचा निर्णय बऱ्याचदा काँक्रीट बघून होत नाही, एफएसआय बघून होतो. त्यात गैर काही नाही. 400 फुटांच्या घरात तीन पिढ्या राहत असतील तर वाढीव कार्पेटचा मोह कोणाला होणार नाही? पण मग कारण तेच सांगावं. ‘इमारत मोडकळीला आली’ हे वाक्य सभेत पहिल्यांदा उच्चारलं जातं तेव्हा अनेकदा एकही चाचणी झालेली नसते.

चाचण्यांची सोय आहे, सक्तीही आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबई महापालिका त्यावरून इमारतीला वर्ग देते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे लोक राहत असताना सांगाड्याची दुरुस्ती आणि सी-3 म्हणजे किरकोळ काम. चक्रीय विचाराला खरा वाव आहे तो मधल्या दोन वर्गांत.

ऑडिटचा अहवाल हातात आल्यावर शेवटचं पान उलटून आकडा बघायची घाई करू नये. आधी कोणत्या चाचण्या कुठे केल्या ते बघावं. रिबाउंड हॅमर वरवरचा कठीणपणा सांगतो, त्याच्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहर पाठवतात. ती सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा वेगाने पार गेली तर आतला माल चांगला, 3 किलोमीटरच्या खाली रेंगाळली तर आत पोकळी किंवा भेगा असण्याची शंका. हाफ-सेल चाचणी सळई गंजण्याची शक्यता किती ते सांगते. कोअर काढला तर प्रत्यक्ष ताकद कळते.

मला यातली सर्वांत बोलकी वाटते ती फिनॉल्फ्थेलीनची चाचणी. कॉलमच्या कोपऱ्यावर छन्नीने काँक्रीटचा ताजा टवका काढायचा, धूळ झटकायची आणि त्यावर हे रंगहीन द्रावण फवारायचं. काही क्षणांत आतला भाग गडद गुलाबी होतो आणि बाहेरची पट्टी तशीच करडी राहते. गुलाबी म्हणजे तिथे काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे, सळईवर संरक्षक थर आहे. करडी पट्टी म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो गुण खाऊन टाकला. ती पट्टी सळईपर्यंत पोचली नसेल तर इमारतीकडे अजून वेळ आहे. सळई ओलांडून आत गेली असेल तर पाणी आणि हवा मिळताच गंज सुरू होणार. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या काही पट जागा मागतं, आणि ती मिळवण्यासाठी वरचं काँक्रीट फाडून बाहेर ढकलतं. छतातून पडणारे पोपडे हे त्याचंच लक्षण. समुद्राजवळ खाऱ्या हवेतलं क्लोराइड हे काम आणखी लवकर उरकतं.

सांगाडा वाचणार असं ठरलं की दुरुस्तीची रीत ठरलेली आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. ज्या बीमला हात लावायचा त्याला आधी खालून टेकू द्यायचे, आणि तेही फक्त त्या मजल्यावर देऊन भागत नाही. भार जमिनीपर्यंत उतरेल असे खालच्या मजल्यांवरही द्यावे लागतात. मग सैल झालेलं काँक्रीट काढायचं. ते सळईच्या मागे बोटं जातील इतकं मोकळं करावं लागतं, कारण मागचा गंज तसाच ठेवला तर दोन पावसाळ्यांत पोपडा परत येतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची. व्यास फार घटला असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. त्यावर गंजरोधक प्रायमर, मग जुन्या-नव्याला धरून ठेवणारा बाँड कोट, आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टरचे पातळ थर. कॉलम फारच खंगला असेल तर भोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधून मायक्रो काँक्रीट ओततात, त्याला जॅकेटिंग म्हणतात. ते पायापासून वर न्यावं लागतं. मधल्याच मजल्यावर कॉलम जाड करून काही साधत नाही. शेवटी बाहेरून असा रंग, जो कार्बन डायऑक्साइडला आत शिरू देणार नाही.

या कामाच्या बिलात एक मेख असते. दर चौरस फुटावर असतो, म्हणजे जितकं फोडाल तितकं बिल. कंत्राटदाराला कमी फोडण्यात काहीच फायदा नाही. म्हणून हातोडीने ठोकून पोकळ आवाज येणारा प्रत्येक तुकडा सल्लागाराच्या माणसाने खडूने आखून द्यावा, त्याचं मोजमाप मेजरमेंट बुकात आधी लिहावं आणि मगच ब्रेकर चालू व्हावा. चक्रीय अर्थव्यवस्थेबद्दलच्या भाषणांत खडूचा उल्लेख कधी येत नाही, पण टनावारी माल वाचतो तो त्या खडूने.

सांगाडा सोडला तर बाकीच्या इमारतीचं काय करायचं, हे समजायला स्टुअर्ट ब्रँड या अमेरिकी लेखकाने 1994 मध्ये मांडलेली कल्पना उपयोगी पडते. इमारत ही एक वस्तू नाही, तिच्यात वेगवेगळ्या आयुष्याचे थर एकत्र राहतात, असं तो म्हणतो. सांगाडा अनेक दशकं टिकतो. बाहेरची कातडी, म्हणजे गिलावा, खिडक्या, रंग, त्याहून लवकर बदलावी लागते. पाइप आणि वायरिंग त्याच्याही आधी. घराची आतली मांडणी तर भाडेकरू बदलला तरी बदलते. आपल्या अपार्टमेंटमधला मूळ दोष असा, की कमी आयुष्याची वस्तू जास्त आयुष्याच्या वस्तूत आपण सिमेंटने गाडून टाकतो. दीडशे रुपयांचा पाइप गळला की तो गाठायला टाइल फुटते, टाइलमागचा गिलावा फुटतो, भिंत खोदली जाते आणि कधीकधी खालच्या घरातलं छतही. वस्तूचं पुढचं आयुष्य तिच्या दर्जापेक्षा तिच्या सांध्यावर ठरतं. स्क्रूने बसवलेली वस्तू उद्या सुटते. सिमेंटने बसवलेली फोडावीच लागते.

विटांचंच बघा. गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळींत भिंती चुन्यात बांधलेल्या होत्या. चुना विटेपेक्षा मऊ, त्यामुळे बसूलीने तासला की निघतो आणि वीट अख्खी हातात येते. तीच वीट सिमेंटच्या मालात बसवली असेल तर मसाला विटेहून कडक ठरतो आणि सोडवताना वीटच फुटते. कोपनहेगनमध्ये 2019 च्या सुमारास ‘रिसोर्स रोज’ नावाची निवासी इमारत झाली, तिथे वास्तुरचनाकारांसमोर हीच अडचण होती. कार्ल्सबर्गच्या जुन्या दारूभट्टीच्या विटा सिमेंटात घट्ट बसलेल्या. त्यांनी विटा सोडवण्याचा नाद सोडला, भिंतीचेच चौकोनी तुकडे करवतीने कापले आणि ते नव्या इमारतीच्या दर्शनी भागात लावले. कल्पना सुरेख आहे, पण खर्चीक. आपल्याकडे चाळींतल्या सागवानाला असल्या कसरतीची गरज पडली नाही. तुळया आणि खांब कुसूखाचेने आणि खिळ्यांनी जोडलेले. ते उतरवले जातात आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पलंग-कपाटं होऊन विकले जातात. या व्यवसायाला कोणी हरित म्हटलं नाही, तरी तो इतकी वर्षं नफ्यात चालला आहे.

बाहेरच्या पाइपांचं काम निघालं की ही सांध्याची गोष्ट लगेच वापरता येते. जुने बिडाचे पाइप जड असतात आणि भंगारात वजनावर चांगले पैसे देतात. ते वरून खाली ढकलून न देता तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवावेत, म्हणजे खालचा छज्जाही वाचतो. नवे पाइप भिंतीत न गाडता क्लॅम्पवर, डक्टमध्ये उघडे ठेवावेत. दिसायला बरे नाही दिसत, मान्य. पण पुढची गळती पान्याने दुरुस्त होईल.

खिडक्यांच्या बाबतीत माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. जुनी लोखंडी उघडझाप करणारी खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती लावली की घर ‘नवं’ झाल्यासारखं वाटतं. पण दोन पट्ट्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. मे महिन्यात हवा अर्धी, पंख्याचं बिल जास्त. चौकट कुजलेली नसेल तर बिजागऱ्या बदलून, काचांची पुट्टी नव्याने भरून, रंग देऊन ती खिडकी आणखी बरीच वर्षं चालते. बदलायचीच असेल तर जुनं ॲल्युमिनियम नीट वेगळं काढावं. ते वितळवून पुन्हा वापरायला खनिजातून नव्याने बनवण्याच्या साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते. जुन्या ग्रीलवरचा रंग मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग इतकी खाली आली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. पार्किंगवरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रेही असेच, न फोडता, ओले करून, अख्खे उतरवायचे.

गच्चीवर आपली जुनी पद्धत मुळातच चक्रीय होती. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे उताराला लावून वरून मालाने बंद करणं. त्यावरचा चायना मोझॅक म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे, जे ऊनही परतवतात. घराघरांतून निघालेल्या फिक्या रंगाच्या बाथरूम टाइल इथे लावता येतात. पण गळती झाली की जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायची जी खोड आहे ती वाईट. 10 सेंटिमीटर कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपास भरतं. अशी दोन-तीन आवरणं डोक्यावर घेऊन खालचा स्लॅब मुकाट उभा असतो. तिथे जुनं काढणं हीच बचत.

घरात शिरलं की सोसायटीचा अधिकार संपतो आणि सभासदाची हौस सुरू होते. एका इमारतीतून निघणाऱ्या राडारोड्याचा मोठा वाटा या हौसेचा असतो. जुन्या सिमेंट मोझॅकच्या लाद्या जाड असतात. मशीनने घासून पॉलिश केल्या की वरचा काळवंडलेला थर जाऊन खालची खडी परत दिसते. शहाबादी आणि कोटाही तसेच. याउलट चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल चिकटवलेली, ती कोणाच्याच पुन्हा कामाची नाही. सोसायटीने सक्ती करू नये, पण नूतनीकरणाची परवानगी देताना काढायचं काय आणि ते जाणार कुठे, एवढं लिहून मागायला हरकत नाही. एकाच्या घरातलं वॉश-बेसिन दुसऱ्याच्या दुकानात लागतं. त्यासाठी ते गोणीत फुटलेलं नसलं पाहिजे.

उरलेल्या राडारोड्याचं नशीब वेगळं करण्यावर अवलंबून आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांवर माल काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग करायला सांगितलं होतं. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांतली उत्पादकाची विस्तारित जबाबदारी 20,000 चौरस मीटरवरच्या प्रकल्पांना लागू होते. दुरुस्ती करणारी 24 घरांची सोसायटी दोन्ही मर्यादांच्या बरीच खाली राहते. म्हणून चार ढिगांची अट तिने स्वतःच कंत्राटात घालावी. एकदा जिप्समचे तुकडे, माती आणि थर्मोकोल काँक्रीटमध्ये मिसळले की त्यातून चांगली खडी निघत नाही. स्वच्छ काँक्रीट भरडलं तर त्या खडीचा दर्जा ठरलेला आहे: आयएस 383 या मानकाने 2016 पासून एम-25 पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि कमी ताकदीच्या पाया-भरणीच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के अशी खडी मान्य केली आहे. मुंबईसाठी दहिसर आणि शिळफाट्याला प्रत्येकी रोज 600 टन राडारोडा घेऊ शकणारे प्रकल्प आहेत. तिथली वजनपावती दाखवल्याशिवाय डंपरचं बिल मंजूर करायचं नाही, हे एक वाक्य कंत्राटात असलं की माल रात्री खारफुटीत जात नाही.

आणखी दोन कलमं घालावीत. निघणाऱ्या वस्तूंची यादी आणि त्यांचे बायबॅक दर टेंडरमध्येच मागावेत. नाहीतर बिडाचे पाइप ‘सामान्य राडारोडा’ म्हणून जातात आणि त्यांचे पैसे सोसायटीच्या खात्यात कधी येत नाहीत. आणि सल्लागाराची फी खर्चाच्या टक्केवारीत न ठेवता ठरावीक ठेवावी, म्हणजे खर्च वाढण्यात त्याचं हित राहणार नाही.

दुरुस्तीने जागा वाढत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो नेहमीच अटळ नाही. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी क्रिस्तॉफ युतँ आणि फ्रेदेरिक द्रुओ या सहकाऱ्यांबरोबर तीन जुन्या इमारतींतली 530 घरं न पाडता वाढवली. बाहेरून नवा सांगाडा उभा करून प्रत्येक घराला खोल काचेरी गॅलरी जोडली, लिफ्ट नव्या केल्या, आणि हे चाललं असताना लोक आपापल्या घरातच राहिले. काम 2017 मध्ये संपलं. 2021 मध्ये लाकातों-वासाल जोडीला वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मोकळी जागा आणि परवानग्या दोन्ही तंग, त्यामुळे जसंच्या तसं जमणार नाही. तरी जिन्यालगत पोलादी मनोरा उभारून चारमजली इमारतीला लिफ्ट लावण्याचं काम अनेक सोसायट्यांनी केलं आहे. जिथे आधीच लिफ्ट आहे तिथे गाइड रेल आणि काउंटरवेट तेच ठेवून मोटार, कंट्रोलर आणि दारं बदलता येतात.

आणि इमारत सी-1 मध्ये आली तर? तर पाडायची. गंजाने खाल्लेल्या सळयांवर माणसांना ठेवून काँक्रीट वाचवण्यात शहाणपण नाही. मात्र पाडण्याची मुदत आठ दिवसांनी वाढवून घ्यावी. पहिल्या आठवड्यात ब्रेकर आत येऊ देऊ नये. आधी दारं-चौकटी, ग्रील, वायरिंग, नळ, टाक्या, मग पाइप, मग छपरावरचे पत्रे, आणि विटा चुन्यातल्या असतील तर विटा, अशा क्रमाने हाताने उतरवावं. बांधणीच्या उलट क्रमाने. सांगाड्यावर मशीन शेवटी. आणि नव्या इमारतीचा नकाशा सभेपुढे येईल तेव्हा बेडरूमची मापं बघून झाली की पाइपांचा शाफ्ट बघावा: त्याला प्रत्येक मजल्यावर उघडणारं दार आहे का, आत प्लंबर पाना घेऊन उभा राहू शकेल का, आणि गच्चीपासून तळापर्यंतचा कुठलाही पाइप एकही टाइल न फोडता बदलता येईल का.